शिकण्याचा खर्च

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेल्या मे महिन्यापासून एक निळा ठोकळा पडून आहे. खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा असेल. खाली पाच बारीक पाय. घरी आलेला पाहुणा तो उचलतो, कानाशी नेऊन हलवून पाहतो आणि हे काय म्हणून विचारतो. ‘रिले’ एवढे सांगून मी चहा पुढे करतो. पुढची हकीकत सांगावी लागू नये अशी माझी मनातून इच्छा असते, कारण तीत माझा मोठेपणा काही नाही. पण दिवाळीआधी घर झाडायला काढले म्हणजे माळ्यावरच्या वस्तूही खाली उतरवाव्या लागतात. तेव्हा यंदा हा ठोकळाच वाचकांपुढे ठेवतो.

रिलेचे काम अगदी साधे. लहानशा प्रवाहाच्या इशाऱ्याने मोठ्या प्रवाहाची कडी लावायची आणि काढायची, बस्स. या ठोकळ्याची कडी एकदा लागली ती पुन्हा निघाली नाही. आतली दोन टोके एकमेकांना वितळून चिकटली. त्यापायी एका शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटार जळाली, आणि ती जळाल्यानंतर एका शाळामास्तराने आपल्या विद्यार्थ्याला जो सल्ला दिला, त्याबद्दल हा लेख आहे. तो मास्तर मीच.

विद्यार्थी माझ्या वर्गात चौथ्या बाकावर बसत असे. अक्षर वाईट, पाठांतर त्याहून वाईट. पण शाळेची विजेची घंटा बिघडली की शिपाई मला न विचारता त्याला तासावरून उठवून नेत असे. पुढे तो इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षे नोकरी केली, आणि एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, नोकरी सोडली. स्टार्टअप काढतोय.” आमच्या लहानपणी याला धंदा काढणे म्हणत, आणि मुलाने धंदा काढला म्हटले की घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. २०१६ साली सरकारनेच ‘स्टार्टअप इंडिया’ नावाची योजना काढल्यापासून शब्दाला प्रतिष्ठा आली आहे. पदर मात्र घरोघर अजून ओला होतो.

त्याला करायचा होता तो एक डबा. आमच्या कृष्णाकाठच्या भागात शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळत आली, आणि ती पाळी वर्षानुवर्षे पुष्कळदा रात्रीची असे. थंडीच्या दिवसांत रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन, पायाखाली साप-किरडू नाही ना हे बघत मोटार चालू करायला जाणे काय असते, ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. हा डबा मोटारीच्या स्टार्टरला जोडायचा, त्यात मोबाइलचे सिमकार्ड घालायचे, आणि घरी अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरून मोटार चालू करायची, बंद करायची. बोअरमधले पाणी संपून मोटार कोरडी फिरू लागली तर डब्याने आपणहून ती बंद करायची आणि मालकाला मराठीतून निरोप धाडायचा. असे डबे बाजारात पूर्वीपासून आहेत. याचा स्वस्त होता आणि मराठी बोलत होता.

पहिला डबा करायला त्याला तीन महिने लागले. तो त्याच्या वडिलांच्या मळ्यात बसवला आणि तो आजही नीट चालतो. त्याचे म्हणणे असे की, आपले खरे शिक्षण दुसऱ्या डब्यापासून सुरू झाले. एक वस्तू करणे आणि तशाच अठ्ठेचाळीस वस्तू करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला कादंबऱ्या लिहूनही ठाऊक नव्हते. कादंबरीची एक प्रत झाली की हजार प्रती छापखाना काढतो. इथे पहिल्या डब्यात त्याने प्रत्येक डाग स्वतः, जीव लावून दिला होता. अठ्ठेचाळिसांना तेवढा जीव लावायला सवड नसते, म्हणून शेजारची दोन मुले हाताखाली घेतली, आणि त्यांच्या हाताने दिलेल्या डागांत कुठे तार सुटी राहू लागली. सर्किट बोर्ड छापणारा म्हणतो, इतक्यांच्या खाली ऑर्डर घेत नाही. प्लास्टिकच्या डब्याचा साचा करायचा तर लाखांच्या गोष्टी, म्हणून तयार मिळणाऱ्या डब्यांना भोके पाडून काम भागवले. सुटे भाग विकणारा रोख पैसे मागतो आणि शेतकरी म्हणतो, उसाचे बिल आले की देतो. या दोघांच्या मध्ये जे महिने पसरलेले असतात ते कोणीतरी आपल्या पैशांनी भरून काढावे लागतात. ते मी भरले. पंचाहत्तर हजार रुपये. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले. घरात मी ‘मुदतीच्या ठेवीत टाकले’ असे सांगितले.

पाडव्याच्या मुहूर्तावर पहिला डबा विकला गेला, आणि संक्रांतीपर्यंत अठ्ठेचाळीसही संपले. किंमत ३,८०० रुपये. त्याने मला पेढे आणून दिले. ते मी घरात नेऊन दिले, पण कशाचे ते सांगितले नाही.

मे महिन्यात मोटार जळाली. उन्हाळ्याने बोअरचे पाणी खाली गेले होते. डब्याने ते बरोबर ओळखले. त्याने मोटार बंद करण्याचा हुकूम सोडला आणि मालकाला निरोप धाडला: मोटार बंद झाली आहे. मालक निश्चिंत झोपला. मोटार बंद झालीच नव्हती. रिलेची टोके चिकटलेली होती. हुकूम पोचला, पण कडी निघाली नाही. डबा हुकूम सोडून मोकळा झाला. हुकमाची तामिली झाली की नाही हे वळून पाहायला त्याला कोणी शिकवले नव्हते. सकाळपर्यंत मोटार कोरडी फिरली आणि आतले वाइंडिंग जळून गेले. ती बोअरमधून वर काढणे, पुन्हा भरून घेणे, खाली सोडणे, सगळे मिळून साडेसतरा हजारांचा भुर्दंड, आणि मधल्या नऊ दिवसांत वाळलेली लावण वेगळी.

ते निरोपाचे मला फार लागले. यंत्र बिघडते हे मी समजू शकतो. पण बिघडलेल्या यंत्राने ‘मी ठीक आहे’ असे मालकाला कळवावे! त्या भरवशावर एखादा दुरुस्तीला स्टार्टरची झाकणे उघडून बसला असता तर?

आमच्या इंजिनिअरने दोन दिवसांत कारण शोधून काढले. पुण्यातल्या खोलीत त्याने हे रिले तपासले होते ते एक दिवा लावून आणि विझवून, हजारो वेळा. दिव्याचे काही बिघडले नाही. पण शेतावर या रिलेला दिवा चालवायचा नसतो. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची असते. आमच्याकडे व्होल्टेज खाली गेले की कॉन्टॅक्टर धड बसत नाही, धड सुटत नाही. नुसता खडखडत राहतो, आणि त्या प्रत्येक खडखडीला कॉइल नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तो सगळा मार या एवढ्याशा ठोकळ्यावर. पुन्हा ठोकळा पंचवीस रुपयांचा होता. नव्वद रुपयांचा मिळत होता. अठ्ठेचाळीस डब्यांमागे वाचले ते ३,१२० रुपये.

तो ठोकळा माझ्यापुढे ठेवून त्याने विचारले, “सर, बाकीच्या सत्तेचाळीस जणांना सांगू का?”

प्रश्न सरळ होता. वर्गात कोणी विचारला असता तर मी फळ्यावर उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या असत्या. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फळा नव्हता, पंचाहत्तर हजार रुपये होते. सत्तेचाळीस जणांना सांगायचे म्हणजे सत्तेचाळीस डबे उघडायचे. निम्मे लोक पैसे परत मागणार. गावोगाव बभ्रा होणार. आणि धंदा बसला की माझी ‘मुदतीची ठेव’ बुडणार. मी म्हणालो, “एक जळाली म्हणून सगळ्या जळतील असं थोडंच आहे? ज्याची जळाली त्याला भरून दे. बाकीच्यांचं हळूहळू, दुरुस्तीला येतील तसतसं बघ. उगीच गाजावाजा कशाला?”

तो “बरं सर” म्हणून गेला. जाताना ठोकळा टेबलावर विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

रात्री जेवताना घास फिरू लागला तेव्हा पत्नीने विचारले. मी ठेवीची गोष्ट वगळून बाकीची सांगितली. ती ताटात आमटी वाढीत म्हणाली, “ठेवीची पावती मी कधी मागितली नाही, म्हणजे मला ठाऊक नाही असं नाही. पैसे दिलेत ते दिलेत. पण तुम्ही निदान बुडतील हे धरून दिलेत. त्या शेतकऱ्यांना कोणी विचारलं होतं?”

हा प्रश्न मी पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवला. कोणतीही नवी वस्तू करणारा माणूस चुकल्यावाचून शिकत नाही, हे उघडच आहे. निर्दोष झाल्यावरच बाहेर काढीन असे म्हणणाऱ्याच्या हातून जगात एक नांगरही बाहेर पडला नसता. चुका व्हायच्याच, तर त्यांचा खर्चही व्हायचाच. मग तो कोणाच्या खात्यावर मांडायचा? आमच्या इंजिनिअरचे पुण्यातले मित्र संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांच्यात, भराभर पुढे चला, मोडतोड झाली तरी बेहत्तर, असे एक ब्रीदवाक्य मोठ्या अभिमानाने सांगतात. रात्री चूक सापडते, पहाटेपर्यंत दुरुस्त होते, गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. तांब्यालोखंडाला अशी रात्र मिळत नाही. विकलेला डबा पंचवीस मैलांवरच्या एका शेडमध्ये, कोळिष्टकांत लटकत असतो. त्यातली चूक तिथे जाऊनच काढावी लागते, आणि तोवर ती आपले काम करीत असते.

पैसे देणाऱ्याला, आपण कशाचे पैसे देतो आहोत, हे ठाऊक असते का यावर पुष्कळ अवलंबून आहे असे वाटते. अमेरिकेत अशी सोय निघाली आहे की, वस्तू तयार होण्याआधीच लोकांपुढे तिचे चित्र ठेवायचे आणि आगाऊ पैसे गोळा करायचे. २०१४ साली एका बर्फाच्या पेटीसाठी, ‘कूलेस्ट कूलर’ तिचे नाव, बासष्ट हजारांवर लोकांनी मिळून एक कोटी तेहतीस लाख डॉलरांच्या आसपास रक्कम दिली. पेटी ठरवलेल्या किमतीत करणे परवडेना. २०१९ च्या डिसेंबरात कंपनी मिटली तेव्हा सुमारे वीस हजार लोक पेटीवाचून राहिले होते. ते चिडले, आणि त्यांचे चिडणे खरे आहे. पण निदान वस्तू अजून झालेली नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. एलिझाबेथ होम्स या बाईच्या ‘थेरानोस’ कंपनीची गोष्ट निराळी. बोटाच्या टोकावरच्या चार थेंबांत रक्ताच्या कितीतरी तपासण्या करणारे यंत्र आपण केले आहे, असे तिने सांगितले. यंत्राला ते साधत नव्हते, आणि हे आत ठाऊक असताना बाहेर रोग्यांच्या तपासण्या चालू होत्या. २०२२ च्या जानेवारीत ज्यूरीने तिला दोषी धरले ते पैसे गुंतवणाऱ्यांना फसवल्याबद्दल. रोग्यांना फसवल्याच्या आरोपांतून तिला मोकळे केले. तिच्या भागीदाराला पुढे वेगळ्या खटल्यात त्याही आरोपांवर शिक्षा झाली हे खरे. पण तो पहिला निकाल वाचून मी सुन्न झालो. माझ्याही डोक्यात त्या मे महिन्यात हिशेबाच्या याच दोन वह्या होत्या, आणि मी उघडली ती गुंतवणाऱ्याची.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी नवा मास्तर होतो तेव्हा माझ्या पहिल्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचे उतरवून घेताना तो शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. मी त्याला कॉपी करणारा ठरवला, मागच्या बाकावर एकटा बसवला, आणि मग तर त्याचे काहीच बरोबर येईना. मी त्याला पट्ट्या मारल्या. वर्गासमोर ‘दगड’ म्हणालो. सहावीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे तीन-चार वर्षांनी त्याला बाजारात पाहिले. नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. त्याला फळा दिसतच नव्हता. शिकवायला मी त्याच्यावर शिकलो. त्यानंतर वर्गात नवे मूल आले की मी पहिल्या दिवशी त्याला मागे उभे करून फळ्यावरचे वाचायला लावतो, आणि याबद्दल पालक माझे कौतुक करतात. त्या कौतुकाचा खर्च कोणी दिला ते मला ठाऊक आहे. तो आता टेम्पो चालवतो, मला रस्त्यात भेटतो, ‘नमस्कार गुरुजी’ म्हणतो. त्याला मी काही बोललेलो नाही.

आमच्या घरापासून किर्लोस्करवाडीचे स्टेशन दूर नाही. सुटीत मी कधी कधी तिकडे फिरत जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा आमच्याकडच्या मुलांना धड्यासारखी ऐकवली जाते, आणि धड्यासारखी झाल्यामुळेच तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. १८६९ साली जन्मलेला हा माणूस चित्रकार व्हायला मुंबईला गेला. रंग ओळखताना डोळे दगा देतात म्हणून ते सोडावे लागले. यंत्रांच्या आकृत्यांना रंग लागत नाहीत, म्हणून तो त्या काढू लागला आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. म्हणजे मूळचा मास्तरच. मग बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली.

ही गोष्ट सांगताना आम्ही मास्तर लोक शेतकऱ्यांच्या अडाणीपणावर हसतो आणि मुलांना हसवतो. मी यंदापासून ते बंद केले आहे. दोन-चार एकरांच्या धन्याजवळ काय असते? एक जमीन आणि वर्षाचा एक पाऊस. कारखानदाराचा नांगर फसला तर तो लोखंड वितळवून दुसरा ओतील. शेतकऱ्याचा हंगाम फसला तर तो कशात ओतायचा? त्याने ‘लोखंडात विष आहे’ म्हटले त्याचा अर्थ मला आता एवढाच लागतो, की तुझ्या शिकण्याला माझी जमीन देणार नाही. कारण चुकीचे होते. नकार चुकीचा नव्हता. आणि लक्ष्मणरावांचे मोठेपण मला नांगरापेक्षा त्या दोन वर्षांत दिसते. ती दोन वर्षे त्यांनी स्वतःच्या अंगावर काढली. न विकलेले लोखंड त्यांच्या दारात होते, दुसऱ्याच्या शेतात नव्हते. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या बत्तीस एकर ओसाड माळावर त्यांनी वाडी वसवली, ती निवडुंग तोडून. आज तिथली झाडे पाहताना निवडुंग आठवत नाही.

त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधी जेम्स वॅटचे असेच चालले होते. ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा हा कारागीर. वाफ सिलिंडरबाहेर वेगळ्या भांड्यात थंड करावी ही युक्ती त्याला १७६५ साली सुचली. खाणीवर चालणारे इंजिन व्हायला १७७६ उजाडले. मधल्या अकरा वर्षांत त्याच्यामागे पैसे घालणारा डॉक्टर रोबक दिवाळखोर झाला. पुढे बोल्टन नावाचा खंबीर भागीदार मिळाला, आणि विल्किन्सनने तोफा कोरण्याचे यंत्र काढल्यामुळे अचूक सिलिंडर मिळू लागले. हे सारे कोणत्याही पुस्तकात आहे. मला त्यातली करारनाम्याची बाब फार आवडली. इंजिन उभारण्याचा खर्च खाणवाल्याने करायचा. पण बोल्टन-वॅट कंपनीला द्यायचे ते जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. वाचला नाही तर कंपनीला काही नाही. खाणवाले पुढे त्यावरूनही भांडले, कारण इंजिन चालू झाल्यावर तिसरा हिस्सा डोळ्यांत खुपू लागतो. माणसाचा स्वभावच तो. पण ज्याने नवीन केले त्याने नव्याच्या धोक्यात आपलेही ताट मांडून बसावे, ही गोष्ट त्यात होती.

मी आमच्या इंजिनिअरकडे गेलो तो आठ दिवसांनी. तोवर मनात एक वाक्य तयार झाले होते: पहिली मोटार त्याच्या अज्ञानाने जळाली; दुसरी जळाली तर ती माझ्या सल्ल्याने जळेल. वाक्य मोठे रेखीव होते आणि ते त्याला ऐकवण्याची मला घाई होती. वर्कशॉपच्या दाराशी त्याची मोटारसायकल उभी होती, मागे पेटी बांधलेली. भिंतीवर अठ्ठेचाळीस आकडे खडूने लिहिले होते आणि त्यातल्या अकरांवर काट मारलेली होती. त्याने माझा सल्ला घेतला होता, मानला नव्हता.

“सर, रागावू नका,” तो म्हणाला.

मी वाक्य गिळले. त्यालाही पूर्ण निर्दोष म्हणवत नव्हते, ही गोष्ट त्यानेच काढली. “मला माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगतोय, पण ते अर्धंच खरं आहे. खऱ्या स्टार्टरवर चालवून बघितलं नाही, हे मला माहीत होतं. बघायला लागलो असतो तर पाडव्याचा मुहूर्त गेला असता.”

पुढच्या दोन रविवारी मी त्याच्या मागे बसून हिंडलो. प्रत्येक डब्यात नव्वद रुपयांचा रिले, त्याला ठिणगी मारणारी एक जोडणी, आणि नवा प्रोग्रॅम: हुकूम सोडल्यावर पुन्हा प्रवाह मोजायचा, आणि मोटार चालूच असेल तर मालक उठेपर्यंत त्याचा फोन वाजवीत राहायचे. पाच जणांनी पैसे परत मागितले, त्यांना दिले. दोघांनी आम्हाला चोर म्हटले. एका म्हातारीने, आपला डबा नीट चालतो आहे, त्याला हात लावू नका, असे बजावून आम्हांला ताक पाजून परत पाठवले. तिच्याकडे तिसऱ्यांदा जावे लागले.

ज्याची मोटार जळाली होती त्याच्याकडे मी मुद्दाम गेलो. साडेसतरा हजारांपैकी दहा त्याला पोचले होते, बाकीचे हप्त्याने द्यायचे ठरले होते. आंब्याखाली बाज टाकून त्याने आम्हांला बसवले. मला राहवेना. मी विचारले, “तात्या, ह्यानं तुम्हांला आधीच सांगितलं असतं, की वस्तू नवी आहे, शेतावर पुरती पारखलेली नाही, तर तुम्ही घेतली असती का?”

त्याने तंबाखू मळता मळता विचार केला. “घेतली असती की. रातचं जायाचं कुणाला सुख हाय? पर पैसं आधी दिलं नसतं. एक उन्हाळा निघू द्या म्हटलं असतं, मग निम्मं न्हाई, सगळं घ्या. आन् उन्हाळाभर मोटार मीच हातानं बंद केली असती, डब्याच्या नादी लागून झोपलो नसतो.” मग इंजिनिअरकडे वळून म्हणाला, “तू इचारलंच न्हाईस, लेका.”

परतताना मोटारसायकलवर कोणी बोलले नाही. जेम्स वॅटचा करार त्या माणसाने तंबाखूच्या एका चिमटीत सांगितला होता. आता नवे बारा डबे तयार आहेत. ते एक उन्हाळा पैशांवाचून शेतांवर लावायचे, आणि लावताना काय माहीत आहे व काय नाही हे मराठीत लिहून द्यायचे, असे ठरले आहे. अर्थात त्यामुळे पंचाहत्तर हजारांतले साठ अजून यायचे आहेत आणि ते केव्हा येतील ते सांगता येत नाही. मुलीला सगळे सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही. मग तिने तालुक्याच्या कॉलेजात नाव घातले. इथे पत्नीच्या प्रश्नाचा एक तुकडा माझ्याच पदरी येतो, कारण मुलीलाही मी विचारलेले नव्हते.

भिंतीवरचे पंचेचाळीस आकडे कापून झाले आहेत. तीन राहिले. एक डबा ज्या शेतकऱ्याने नेला त्याने जमीन विकली, आणि घेणाऱ्याने स्टार्टर काढून कोणाला दिला ते त्याला आठवत नाही. दोन डबे तालुक्याच्या एका दुकानदाराने रोखीने, पावतीशिवाय विकले; गिऱ्हाईक कोण, कुठल्या गावचे, काही नोंद नाही. त्या डब्यांतली सिमकार्डे गिऱ्हाइकांनी आपली घातलेली, त्यामुळे फोन करायलाही वाव नाही. आम्ही बाजारच्या दिवशी चिठ्ठ्या वाटल्या, दोन गावांच्या देवळांत भोंग्यावरून सांगायला लावले. दुकानदार म्हणतो, कशाला शोधताय, चालत असतील म्हणूनच आले नाहीत परत.

कार्तिकात उसाच्या लावणीची धांदल असते, तेव्हा आणखी चार गावे फिरायची आहेत. त्यातल्या एका गावात तो टेम्पोवाला राहतो. शेतांतले रस्ते त्याला पाठ आहेत, त्याला बरोबर घ्या, असे आमचा इंजिनिअर मला दोनदा म्हणाला.